पाटाच्या काठाने : स्पेनमधील एका डोंगरगावाची भ्रमंती

स्पेन म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे माद्रिदची चित्रसंग्रहालये, ग्रानादाचा आल्हांब्रा राजवाडा नाहीतर बैलांच्या झुंजी उभ्या राहतात. आज आम्ही आपणांस त्या राजवाड्याच्या पाठीमागे, सिएरा नेवादा पर्वताच्या दक्षिण उतारावर नेणार आहोत. या उताराला आल्पुहार्रा म्हणतात. तेथे पोकेइरा नावाच्या खोल दरीच्या काठावर पांपानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा अशी तीन गावे एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी वसली आहेत. त्यांतले सर्वांत वरचे कापिलेइरा समुद्रसपाटीपासून १४३६ मीटर उंच, म्हणजे साधारण आपल्या महाबळेश्वराच्या उंचीवर आहे. तेथे मुक्काम ठोकावा, सकाळी शिदोरी घेऊन निघावे आणि दिवेलागणीला परत यावे, हा तेथील प्रवाशांचा परिपाठ. आम्हीही तोच पाळला.

परंतु केवळ पायपिटीची हकीकत सांगून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाही. या गावात पाऊल टाकताच एक कोडे पडते. भूमध्य समुद्राकडील या प्रदेशात उन्हाळाभर पाऊस जवळजवळ पडत नाही. समोरच्या टेकड्या ऑगस्टात भाजलेल्या विटेसारख्या दिसतात. आणि तरीही गावाभोवतीच्या मळ्यांत घेवडा, मका, टोमॅटो डोलत असतात, चेस्टनटची झाडे गर्द सावली धरून उभी असतात. हे पाणी येते कोठून? त्याचे उत्तर तीन दिवसांच्या तीन फेऱ्यांत मिळते.

पहिली फेरी खालच्या अंगाची. कापिलेइराहून बुबिओनवरून पांपानेइराला उतरावयाचे. वाटेत घरे निरखून पाहावीत. स्पेनमध्ये इतरत्र कौलारू छपरे आढळतात; येथे मात्र छपरे सपाट आहेत. चेस्टनटच्या तुळयांवर दगडी फरशा आणि त्यांवर लाउना नावाच्या करड्या मातीचा थर, अशी त्यांची रचना. ही माती पाणी लागले की घट्ट बसते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतातील बर्बर लोकांची घरे याच वळणाची आहेत, आणि हे साम्य नजरेत भरते. पांपानेइराच्या एका गल्लीच्या मधोमध पाण्याचा छोटा ओहोळ खळखळत जातो. तेथील एका झऱ्याचे पाणी लग्नाच्या इच्छेने प्यालेल्या ब्रह्मचाऱ्यास वधू हमखास मिळते, अशी समजूत आहे. तिची प्रचीती घेण्याचे वय आमचे उरले नव्हते. पाणी मात्र गार आणि गोड होते.

दुसरी फेरी दरीच्या आत, नदीच्या उगमाच्या दिशेने. या बाजूला ला सेबादिया ही ओसाड वस्ती लागते. वीजकेंद्रासाठी आलेल्या कामगारांकरिता ती उभारली होती; आज तेथे पडक्या भिंती आहेत. या वाटेवर पावलोपावली पाट आडवे येतात. स्पॅनिश भाषेत त्यांना आसेकिया म्हणतात, आणि हा शब्द अरबी आहे. पाणी साठविण्याच्या टाक्याला आल्बेर्का म्हणतात, तोही अरबीच. शब्द सांगतात तोच इतिहास आहे. ग्रानादाचे मुसलमानी राज्य १४९२ साली संपले, परंतु डोंगरातले शेतकरी तेच राहिले. त्यांना मोरिस्को म्हणत. भाषा, पोशाख आणि चालीरीती सोडण्याची सक्ती असह्य होऊन १५६८ च्या नाताळात त्यांनी बंड केले. ते १५७१ पर्यंत मोडून काढण्यात आले आणि मोरिस्कोंना हाकलून त्यांच्या जमिनी बाहेरून आणलेल्या वसाहतकऱ्यांना देण्यात आल्या. नव्या माणसांना या पाण्याची रीत माहीत नव्हती. म्हणून ती शिकविण्यासाठी प्रत्येक गावी दोन मोरिस्को कुटुंबे ठेवून घेतली, असे तेथे सांगतात. माणसे नकोत, पण त्यांची विद्या हवी, हा जगाचा जुना न्याय आहे. असो.

तिसरी फेरी शिखराची. मुलासेन हे ३४७९ मीटर उंचीचे शिखर स्पेनच्या मुख्य भूमीवरील सर्वांत उंच. ग्रानादाचा एक सुलतान मुले हासेन याचे नाव त्याला मिळाले आहे. उन्हाळ्यात कापिलेइराहून राष्ट्रीय उद्यानाची बस सुमारे २७०० मीटरपर्यंत नेते. तेथून पुढे चढण पायीच. जूनपर्यंत वर बर्फ असू शकते, तेव्हा त्याची चौकशी केल्यावाचून निघू नये. आणि येथेच, माथ्याखालच्या उघड्या उतारांवर, आपल्या कोड्याची उकल होते.

वसंतात बर्फ वितळू लागले म्हणजे ओढे दुथडी वाहतात. ते पाणी तसेच सोडले तर पाहता पाहता समुद्राला मिळेल आणि उन्हाळ्यात, गरज असेल तेव्हा, ओढा कोरडा. म्हणून पूर्वजांनी उंचावर मातीचे कच्चे पाट काढले. त्यांनी ते पाणी ओढ्यातून काढून डोंगराच्या कुशीने आडवे नेले आणि जेथे खडक झिजून भुसभुशीत झाला आहे, तेथे मुद्दाम सोडून दिले. पाणी जमिनीत जिरते, खडकांच्या फटींतून कूर्मगतीने उतरते आणि कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, खालच्या झऱ्यांतून वर येते. वसंतातले पाणी अशा रीतीने उन्हाळ्यात हाती लागते. या पाटांना कारेओचे पाट म्हणतात. धरण नाही, पंप नाही. डोंगर हेच धरण. हे पाट पाझरतात हा त्यांचा दोष नव्हे, तेच त्यांचे काम. वाटेत पाझरलेल्या ओलीवरच काठचे वृक्ष जगतात. म्हणून सिमेंटने पाट बांधून काढणे किंवा त्यात नळ घालणे हे वरकरणी सुधारणेचे काम वाटले, तरी त्याने खालचा झरा आणि काठचे झाड दोन्ही सुकण्याचा संभव असतो.

मात्र मातीचा पाट दरसाल साफ करावा लागतो. गाळ उपसावा, खिंडारे बुजवावीत, पाळीप्रमाणे पाणी सोडावे, आणि हे सर्वांनी मिळून करावे. आमच्याकडे धुळे-नाशिक भागात फड पद्धतीने बंधाऱ्याचे पाणी वाटून घेणाऱ्या गावांनाही हे नवे नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्पुहार्रातील तरुण पोटापाण्यासाठी शहरांकडे गेले. फावडे धरणारे हात कमी झाले, आणि पाट बुजत गेले. या दुखण्यावर उपाय शोधणारेही पुढे आले. २०१४ साली ग्रानादा विद्यापीठातील संशोधक, स्वयंसेवक आणि स्थानिक शेतकरी यांनी मिळून याच भागातील कान्यार गावाचा बुजलेला पाट उकरून पुन्हा वाहता केला, आणि पुढे इतर ठिकाणीही तसे काम झाले. जो पाट राजांच्या उलथापालथीतून वाचला, तो केवळ दुर्लक्षाने मरू द्यावयाचा नाही, एवढाच त्यांचा आग्रह.

तिकडे जाण्याचा योग ज्यांना येईल त्यांना आमची एकच विनंती. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ निवडा, टोपी आणि पाणी जवळ ठेवा, आणि पाट ओलांडताना त्याच्या काठावर पाय देऊ नका; एका टाचेने ढासळलेली कड कोणाला तरी फावड्याने भरावी लागते. ज्यांना तेथे जाणे घडणार नाही, त्यांनी आपल्या गावाजवळचा एखादा जुना पाट किंवा झरा एका रविवारी चालून पाहावा, आणि तो अजून कोण साफ करतो एवढे विचारावे. उत्तर देणारा कोणी भेटला, तर ते पाणी अजून जिवंत आहे असे समजावे.