निवासी वाहनतळावरील खासगी आकार : इंग्लिश कायद्याची भूमिका

घरासोबत मिळालेल्या जागेत रहिवाशाने आपलीच गाडी उभी करावी आणि त्याबद्दल एका खासगी कंपनीने त्याच्याकडे शंभर पौंडांची मागणी करावी, ही गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तथापि इंग्लंड व वेल्समधील सदनिकांच्या वसाहतींत असे प्रसंग वारंवार उद्भवतात. त्यांचे मूळ बहुधा एका रास्त गाऱ्हाण्यात असते. परकी वाहने आवारात येऊन जागा अडवितात, म्हणून रहिवासी तक्रार करतात. वसाहतीची व्यवस्था पाहणारी कंपनी एखाद्या पार्किंग कंपनीची नेमणूक करते. ती कंपनी सूचनाफलक उभारते व रहिवाशांना काचेवर लावावयाचे परवाने देते. पुढे एखाद्या रहिवाशाचा परवाना काचेवरून निसटून खाली पडतो आणि ज्याच्या रक्षणासाठी ही योजना निघाली त्याच्याच हाती मागणीपत्र येते. अशा मागणीला कायद्याचा आधार कितपत आहे, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम या आकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. नगरपालिका किंवा पोलीस बसवितात तो दंड कायद्याने निर्माण केलेला असतो. खासगी कंपनीची मागणी मात्र केवळ करारावर उभी असते. फलकावरील मजकूर हा प्रस्ताव आणि गाडी उभी करणे ही त्याची स्वीकृती, अशी त्यामागील उपपत्ती आहे. १ ऑक्टोबर २०१२ पासून अमलात आलेल्या तरतुदीने खासगी जमिनीवरील वाहनांची चाके अडकवून ठेवण्यास मनाई झाली. त्याच 'प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अॅक्ट, २०१२' च्या चौथ्या परिशिष्टाने कंपन्यांना दुसरे साधन दिले. चालक कोण होता हे कळत नसल्यास वाहनाच्या नोंदणीकृत धारकाकडून रक्कम मागता येते. परंतु त्यासाठी नोटिशीचा मजकूर व मुदत यांविषयीच्या अटी काटेकोर पाळाव्या लागतात. काचेवर नोटीस लावली नसेल, तर धारकाला ती घटनेनंतर १४ दिवसांच्या आत पोहोचली पाहिजे.

अशा आकाराची वैधता सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी 'पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस' या खटल्यात तपासली. चेम्सफर्ड येथील दुकानांच्या वाहनतळावर दोन तास विनामूल्य थांबण्याची सोय होती. एक वाहन ५६ मिनिटे अधिक थांबले व ८५ पौंडांची मागणी झाली. ती रक्कम प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक असली, तरी वाहनांची ये-जा चालू ठेवण्यात जमीनमालकाचे न्याय्य हित होते आणि त्या हिताच्या मानाने रक्कम अवाजवी नव्हती, म्हणून ती दंडवजा ठरत नाही, असा बहुमताचा निर्णय झाला. तेव्हापासून पार्किंग कंपन्या प्रत्येक दाव्यात या निर्णयाचा दाखला देत आल्या आहेत.

परंतु दुकानात आलेला ग्राहक आणि घरात राहणारा पट्टेदार यांची स्थिती एक नव्हे. ग्राहकाला त्या जमिनीवर पूर्वीचा कोणताच हक्क नसतो. फलक जे देतो तेवढेच त्याला मिळते. पट्टेदाराला गाडी ठेवण्याचा हक्क त्याच्या भाडेपट्ट्याने आधीच दिलेला असतो. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, जे मुळातच आपले आहे ते देऊ करणाऱ्या फलकाकडून पट्टेदाराला काहीच प्रतिफल मिळत नाही. सबब नवा करार घडत नाही. दुसरी, मालकाने पट्ट्याने दिलेला हक्क तो स्वतः एकतर्फी काढून घेऊ शकत नाही. मग जे त्याच्याच हाती नाही ते तो पार्किंग कंपनीच्या हाती कसे देणार?

'जॉप्सन विरुद्ध होमगार्ड सर्व्हिसेस' या २०१६ मधील अपिलात ऑक्सफर्ड येथील कौंटी कोर्टाने हीच दिशा स्वीकारली. एका रहिवासी स्त्रीने अवजड सामान उतरविण्यासाठी इमारतीच्या दाराशी थोडा वेळ गाडी थांबविली होती. सामान उतरविण्यापुरते थांबणे म्हणजे गाडी उभी करून ठेवणे नव्हे, पट्ट्यातील हक्कांना फलकाने बाध येत नाही आणि बीव्हिस खटल्यातील परिस्थिती येथे लागू पडत नाही, असे न्यायाधीशांनी ठरविले. त्याच वर्षी क्रॉयडन येथेही, भाडेकराराने गाडी ठेवण्याचा हक्क दिला असता परवाना लावण्याची अट त्यावर बाहेरून लादता येत नाही, असा निर्णय झाला. कौंटी कोर्टाचे निर्णय इतर न्यायालयांवर बंधनकारक नसतात. त्यांचे वजन त्यांतील युक्तिवादापुरतेच असते.

म्हणूनच या सिद्धांताच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. निर्णायक असतात ते पट्ट्याचे शब्द. 'मालक वेळोवेळी करील त्या नियमांच्या अधीन' असे कलम पट्ट्यात असल्यास परवान्याची अट ग्राह्य ठरू शकते. पट्ट्यात जागेचा उल्लेखच नसेल, तर रहिवाशाची बाजू बरीच दुबळी होते. पट्टा बदलण्याचा मार्गही आहे. १९८७ च्या 'लँडलॉर्ड अँड टेनंट अॅक्ट'च्या ३७ व्या कलमानुसार नऊ किंवा अधिक पट्टे असतील तेथे किमान ७५ टक्क्यांची संमती असून १० टक्क्यांहून अधिक विरोध नसल्यास न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. फलक ठोकणे हा त्याला पर्याय नव्हे.

हरकत घेण्याचा क्रम साधा आहे. प्रथम पट्टा किंवा भाडेकरार वाचावा व संबंधित कलमाची प्रत कंपनीकडे विहित मुदतीत लेखी हरकतीसह पाठवावी. व्यवस्थापन कंपनीसही कळवावे, कारण मागणी रद्द करविणे पुष्कळदा तिलाच सुलभ असते. कंपनीने हरकत फेटाळल्यास ती ज्या व्यवसाय-संघाची सदस्य असेल त्याच्या अपील-यंत्रणेकडे जाता येते. त्यांपैकी 'पॉप्ला' या यंत्रणेचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, वाहनधारकावर नसतो. पत्रांकडे दुर्लक्ष केले तरी दावा करण्यास कंपनीला सहा वर्षांची मुदत असते. आणि न्यायालयाचे कागद आल्यावर मौन धरणे सर्वांत घातक, कारण मग गुणावगुण न पाहताच हुकूमनामा होतो व तो वेळेत न फेडल्यास पतनोंदीवर सहा वर्षे राहतो.

महाराष्ट्रातील अभ्यासकास येथे 'नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्था' हा ३१ ऑगस्ट २०१० चा भारतीय सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आठवेल. महाराष्ट्राच्या १९६३ च्या सदनिका-कायद्याखाली खांबांवरील इमारतीच्या तळची वाहनजागा बांधकाम-व्यावसायिकाला स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नाही, असे त्यात ठरले. दोन्हीकडील कायदे भिन्न, वादाचे पक्षही भिन्न. परंतु कसोटी एकच आहे : जागेवर हक्क सांगणाऱ्याला तो कोणत्या दस्तऐवजाने अथवा कायद्याने मिळाला?

सारांश, वसाहतीत शिस्त हवी हे खरे. पण शिस्तीचा अधिकार हक्काच्या मुळाशी जाऊन सिद्ध करावा लागतो. फलकावरील अक्षरे कितीही मोठी असली, तरी ती पट्ट्यातील अक्षरे पुसू शकत नाहीत.