हिरवा दाणा आणि मळ्याचे नाव

दुकानात काचेच्या बरणीत दिसणारा तपकिरी, तकतकीत दाणा हेच कॉफीचे मूळ रूप, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः भट्टीत जाण्यापूर्वी तो निळसर-हिरवा, दाताने न फुटणारा आणि वाळल्या गवताखेरीज दुसरा कसलाही वास नसलेला, असा निरुपद्रवी पदार्थ असतो. हा कच्चा दाणा किलो-अर्धा किलोच्या मापाने मागवून घरच्या कढईत भाजण्याचा प्रघात आता पुण्या-मुंबईच्या काही घरांत पडू लागला आहे. त्यास नवलाई म्हणणे मात्र म्हैसूरच्या आणि तामिळ मुलखातील जुन्या गृहिणींवर अन्याय करणारे होईल. कारण शेगडीवर दाणे भाजून ते हातयंत्रात दळणे हा तिकडच्या कित्येक घरांत नित्याचा पाठ होता. नवे आहे ते इतकेच, की या पिशवीवर मळ्याचे नाव, झाडाचा वाण आणि हंगामाचे वर्ष लिहिलेले असते. गृहिणींच्या त्या पिढीस यांतले काही वाण्याकडून कळत नसे, आणि त्यात वाण्याचाही दोष नव्हता.

मळ्याचे नाव पूर्वी नव्हते असे नाही. चिकमगळूरजवळच्या ज्या बाबाबुडनगिरीवर सतराव्या शतकात एका सुफी साधूने मोखा बंदरातून सात बिया आणून रुजविल्या अशी कथा आहे, आणि ज्या डोंगरावरील गुहा दत्तभक्तांनाही तितकीच पूज्य आहे, त्या परिसरात एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी मोठाले मळे उठविले. त्यांपैकी कॅनन नामक गृहस्थाच्या मळ्यातील मालाने तर ‘कॅनन्स म्हैसूर’ या नावाने लंडनच्या बाजारात लौकिक संपादिला होता. गोणीवर मळ्याचा शिक्का असे, आणि शिक्का पाहून भाव ठरे.

या वहिवाटीस दुसऱ्या महायुद्धाने खंड पाडला. युरोपचे बाजार बंद झाले, माल वखारींत पडून राहिला, भाव कोसळले. मळेवाले देशोधडीस लागू नयेत म्हणून सरकारने प्रथम १९४० मध्ये वटहुकूम काढून आणि पुढे १९४२ च्या कायद्याने कॉफीचा सारा व्यापार कॉफी बोर्डाच्या हाती दिला. बियाण्यापुरता आणि घरखर्चापुरता माल वगळता प्रत्येक नोंदलेल्या मळेवाल्याने आपले पीक बोर्डाच्या सामाईक साठ्यात रुजू करावे, बोर्डाने त्याची प्रतवारी करून लिलाव पुकारावा, आणि वसूल झालेली रक्कम प्रतीच्या मानाने हप्त्याहप्त्याने मळेवाल्यांस पोचती करावी, अशी ती तजवीज होती. आणीबाणीचा उपाय म्हणून ती उत्तम होती यात संदेह नाही. परंतु सरकारी दप्तरातील पुष्कळशा तात्पुरत्या व्यवस्थांप्रमाणे तीही युद्ध संपल्यावर संपली नाही; अर्धशतकाहून अधिक काळ चालली. एखाद्याने उंच डोंगरउतारावर, फणस-पांगाऱ्याच्या सावलीत, केवळ पिकून लाल झालेली फळे निवडून वेचावीत, आणि दुसऱ्याने हिरवी, पिवळी, लाल अशी सरसकट ओरबाडावीत, तरी दोघांचे दाणे चाळणीच्या एकाच छिद्रावर अडले की ते एकाच ढिगात जात. बोर्डाची प्रतवारी दाण्याचा आकार आणि त्यातील व्यंगे पाही. त्या दाण्यामागील माणूस पाहण्याची सोय तीत नव्हती. हप्ते पुरे व्हावयास कधीकधी वर्षे लागत, ही मळेवाल्यांची कैफियत निराळीच.

१९९२ पासून हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आले आणि १९९६ मध्ये आपला सर्व माल हव्या त्यास विकण्याची मुभा मळेवाल्यास मिळाली. एका मळ्याची कॉफी नावानिशी घरोघर पोचणे व्यवहारात शक्य झाले ते तेव्हापासून. उदाहरणार्थ, बिळिगिरिरंगन डोंगरातील अत्तिकान हा मळा मॉरिस नामक स्कॉट कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वसविलेला. आज त्याचे नाव मुंबईतला कॉफीचा चाहता सहज घेतो.

तथापि नाव म्हणजे केवळ अलंकार नव्हे. घरी भाजणाऱ्यास त्याचा उपयोग अगदी रोकडा आहे. भाजणे म्हणजे दाण्याच्या गाभ्यापर्यंत उष्णता समप्रमाणात पोचविणे. उंचावरचा, सावकाश पिकलेला दाणा घट्ट असतो व तो अधिक उष्णता मागतो. सखल भागातला सैल असतो व लवकर करपतो. कच्च्या दाण्यात साधारणतः दहा ते बारा टक्के ओलावा राखलेला असतो, आणि त्यातला एक-दोन टक्क्यांचा फरकही आचेवर जाणवतो. चार ठिकाणचे दाणे एकत्र केले तर काही कच्चे असतानाच काही काळे पडतात. सामाईक साठ्याच्या हिशेबात जे उघडकीस येत नसे, ते लोखंडी कढईत दहा मिनिटांत उघडकीस येते.

कृती सांगावयास सोपी आहे. जाड बुडाच्या कढईत दीड-दोनशे ग्रॅम दाणे घ्यावेत, आणि शेंगदाणे भाजताना ठेवतो त्याहून प्रखर आच ठेवून उलथणे क्षणभरही थांबू देऊ नये. आधी हिरवा रंग फिका होत पिवळा पडतो आणि गवताचा वास जाऊन भाजल्या धान्याचा वास सुटतो. पुढे दालचिनीसारखी छटा येते, आणि दाण्याचे तपमान दोनशे अंशांच्या आसपास पोचले की तड्‌ तड्‌ असा स्पष्ट आवाज होऊ लागतो. आतल्या वाफेने व वायूने दाणा फुगून फुटत असतो, आणि त्याच्या अंगावरचा पातळ पापुद्रा सुटून स्वयंपाकघरभर उडत असतो. ही पहिली तडतड ओसरत आली की उतरविल्यास फळाची आंबट-गोड चव शाबूत राहते; दुसऱ्या, अधिक बारीक तडतडीपर्यंत नेल्यास कडूपणा व धूर यांचे राज्य सुरू होते, आणि तेथून पुढे मळा कोणता हे ओळखणे दुरापास्त. उतरविलेले दाणे चाळणीत घेऊन ताबडतोब वारा घालून थंड करावेत. न केल्यास ते स्वतःच्याच उष्णतेने शिजत राहतात. किलोमागे दीडशे ग्रॅमच्या आसपास घट धरावी, आणि आतला वायू निघून जाईपर्यंत एक-दोन दिवस धीर धरावा. हा धीर बहुतेकांना होत नाही.

आमच्याकडे कॉफीत जायफळ किसून घालण्याची चाल आहे, आणि दूध आटवून केलेल्या त्या पेयाचा मी निंदक नाही. पण त्यासाठी नावाजलेल्या मळ्याचा दाणा खर्ची घालणे हा शुद्ध अपव्यय होय. जायफळापुढे कोणत्याही डोंगराचे काही चालत नाही.

पिशवीवरील नावास भुलण्याचे मात्र कारण नाही. एकच मळा शेकडो एकरांचा असू शकतो. त्यात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात सिद्ध झालेला ‘एस ७९५’ हा जुना वाण एका उतारावर, तर निराळाच वाण दुसऱ्या उतारावर असतो. फळे वेचल्याच्या दिवशीच गर काढून दाणे धुतले की सालीसकट उन्हात वाळविले, यानेही चव पालटते. मळा सांगून हंगामाचे वर्ष न सांगणारा विक्रेता अर्धाच दाखला देत असतो. कारण कच्चा दाणा भाजलेल्यापेक्षा कितीतरी टिकाऊ असला, तरी वर्ष उलटून गेल्यावर त्याचा हिरवेपणा मावळतो व चवीस गोणपाटाची कळा येते.

शिवाय या देशातील बहुसंख्य कॉफीउत्पादक हे मळेवाले नव्हेतच. ते दहा हेक्टरांच्या आतले शेतकरी आहेत. त्यांच्यापाशी वखार नाही, चाखणारा जाणकार नाही, आणि त्यांच्या पाच-दहा गोण्या आजही व्यापाऱ्याच्या गुदामात शेजाऱ्याच्या गोण्यांत मिसळतात. बोर्डाचा सामाईक साठा गेला, पण त्यांच्यापुरता तो निराळ्या धन्याच्या हाती तसाच राहिला. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अरकू येथील कॉफीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यांपैकी अरकूच्या खोऱ्यातील उत्पादक हे मुख्यत्वे आदिवासी कुटुंबे आहेत, आणि त्यांतील पुष्कळांचा माल एकत्र केला जातो तो सहकारी संस्थांमार्फत. त्या पिशवीवर कोणा एकाच्या मळ्याचे नाव नसते, खोऱ्याचे असते. पण लाल फळेच वेचण्याचा आणि ती एकाच रीतीने धुण्या-वाळविण्याचा दंडक सर्वांनी पाळलेला असेल, तर असा माल कढईतही बऱ्यापैकी एकजीव भाजला जातो. आमच्या चिखलदऱ्याच्या डोंगरातही थोडीफार कॉफी होते. तिचा कच्चा दाणा गावाचे नाव आणि हंगामाचे वर्ष लिहून कोणी विकावयास काढील, तर पहिला किलो मी घेईन.