शिरगणतीचे अहवाल आणि स्थानिक इतिहास

एखाद्या गावाचा, पेठेचा अथवा समाजाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाची सहज अपेक्षा असते की, जुन्या शिरगणतीच्या कागदांत पूर्वजांची नावे, वये व व्यवसाय पाहावयास मिळतील. इंग्लंडमध्ये ती अपेक्षा पुरी होते. तेथील १९२१ सालच्या घरोघरच्या नोंदी शंभर वर्षे लोटल्यावर २०२२ मध्ये खुल्या झाल्या. आपल्याकडे तशी सोय नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने व्यक्तिगत नोंदी पाहण्यास मनाई केली असून, अमुक वर्षांनी ती उठेल अशी मुदत त्यात नाही. त्यापूर्वीच्या गणनांतही कोष्टके तयार झाल्यावर मूळ कागद जतन करण्याचा प्रघात नव्हता.

मग अभ्यासकाच्या हाती काय उरते? उरतात ते छापील अहवाल व कोष्टके. आणि ही सामग्री अल्प नव्हे. १८७२ पासूनचे पुष्कळ अहवाल भारताच्या जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. बडोदे संस्थानचे अहवाल त्यांत स्वतंत्र आहेत. १९०१ चा अहवाल जमशेटजी अर्देशर दलाल यांनी, १९११ चा गोविंदभाई हाथीभाई देसाई यांनी, तर १९२१ व १९३१ चे सत्यव्रत मुकर्जी यांनी सिद्ध केले. गावनिहाय आकडे हवे असल्यास १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिका पाहाव्यात.

केवळ आकड्यांतूनही केवढा इतिहास बोलतो, याचे एकच उदाहरण पुरे आहे. १८९१ मध्ये बडोदे संस्थानची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ वर आली. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा छप्पनिया दुष्काळ व त्यामागून आलेली रोगराई या दोन आकड्यांच्या मध्ये उभी आहे.

तथापि कोष्टक वाचताना त्यामागील प्रश्न काय होता हे प्रथम पाहिले पाहिजे. मराठी भाषकांची संख्या शोधणाऱ्यास तर हे फारच अवश्य आहे. १८८१ मध्ये मातृभाषा विचारली होती, १८९१ मध्ये आईबापांची भाषा, १९०१ ते १९२१ या काळात नित्य व्यवहाराची भाषा, आणि १९३१ मध्ये पुन्हा मातृभाषा. घरात मराठी व बाजारात गुजराती बोलणाऱ्या कुटुंबाची नोंद यांपैकी प्रत्येक वेळी एकाच रकान्यात पडली असेल असे नाही. म्हणून हे आकडे एका ओळीत मांडून आपला समाज वाढला वा घटला असा निष्कर्ष काढणे धोक्याचे होय. प्रांतांच्या व तालुक्यांच्या सीमाही मधल्या काळात बदलल्या, हेही ध्यानात ठेवावे.

नावांची उणीव मात्र या अहवालांनी भरून निघत नाही. ती अंशतः भरून काढणारे एक साधन आपणा शिक्षकांच्या कपाटात आहे, ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. सयाजीराव महाराजांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोगादाखल व १९०६ मध्ये सर्व संस्थानात सुरू केले. त्यामुळे येथील जुन्या शाळांच्या रजिस्टरांत सर्व थरांतील मुलांचा समावेश अधिकाधिक होत गेला. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा, शाळा सोडल्याचे कारण अशा नोंदींतून एखादे कुटुंब कोठून आले व कोठे गेले याचा माग लागतो. कोष्टक समूह दाखविते, रजिस्टर माणूस दाखविते. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय स्थानिक इतिहास पुरा होत नाही.

ही रजिस्टरे आज अनेक ठिकाणी ओल व वाळवी यांच्या तोंडी आहेत. प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या शाळेतील सर्वांत जुने रजिस्टर कोणत्या सालाचे आहे हे पाहावे, ते कोरड्या जागी ठेवावे, व्यवस्थापनाच्या संमतीने त्याची छायाचित्रे घ्यावीत. हयात व्यक्तींविषयीच्या नोंदी प्रसिद्ध करू नयेत, एवढे पथ्य पाळावे. शिरगणतीचे मूळ कागद आता परत मिळावयाचे नाहीत. आपल्या हातचे कागद तरी त्या वाटेने जाऊ नयेत.