संगणकाच्या पेटीतील दिवे आणि कंदिलाचा कागद

लॅमिंग्टन रोडचे नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे झाल्यास पुष्कळ काळ लोटला. तरी गिरगावातील तरुण संगणकाचे सुटे भाग आणावयास निघाला, म्हणजे घरी सांगून जातो ते जुनेच नाव. तेथून तो मदरबोर्ड, पंखे, एक बाजू काचेची असलेले कॅबिनेट आणि रंगीत एलईडी दिव्यांची पट्टी घेऊन येतो, व सुटीच्या दिवशी सारे आपल्या हातांनी जुळवून यंत्र चालू करतो. यंत्र चालते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु काचेतून जे दिसते ते त्याच्या मनातील चित्र नसते. पेटीच्या आत सांजवेळच्या आभाळासारखी सलग प्रभा पसरावी, अशी त्याची कल्पना असते. प्रत्यक्षात दिसतात ते टाचणीच्या टोकासारखे बोचणारे ठिपके, आणि काचेत उमटलेली त्यांचीच प्रतिबिंबे.

बिऱ्हाड चाळीतील एका खोलीचे असेल, तर हे प्रकरण हौसेपुरते राहत नाही. ज्या खोलीत तो रात्री काम करतो, त्याच खोलीत आजीचे अंथरूण असते. उतारवयात डोळ्यातील भिंग गढूळ होऊ लागते. मोतीबिंदूचा आरंभ म्हणतात तो हाच. अशा भिंगातून जाताना तीव्र ठिपक्याचा प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो, दिव्याभोवती वलय दिसते आणि समोरचे अंधूक होते. त्यातून प्रकाश निळा असला, तर झोपेची वेळ शरीरास कळविणारे मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रात्री स्रवावे तितके स्रवत नाही. तेव्हा आजीच्या तक्रारीस शास्त्राचा आधार आहे, हे नातवाने ध्यानी घ्यावे.

पहिला उपाय सुचतो तो दिवे मंद करण्याचा. तो करावा, पण त्याने काम भागत नाही. आपल्या डोळ्याची रीत अशी आहे, की प्रकाश एकपंचमांशावर आणला तरी तो सुमारे निम्माच झाल्यासारखा वाटतो. शिवाय ठिपका मंद झाला तरी ठिपकाच राहतो. डोळ्यास खुपते ते एकंदर प्रकाशाचे मान नव्हे, तर तो किती थोड्या जागेतून बाहेर पडतो ही गोष्ट. एक मिलिमीटर लांबीरुंदीच्या कणातून निघणारा प्रकाश जर एक सेंटिमीटर लांबीरुंदीच्या पृष्ठावर सारखा पसरला, तर खोलीत तो जवळजवळ तितकाच पडेल. मात्र त्या पृष्ठाची झळाळी शंभरपटीने उतरेल. साऱ्या युक्तीचे बीज एवढ्यातच आहे.

जुन्या दिव्यांना ही अडचण इतकी भासली नाही. ज्योतीला आकार होता. विजेच्या गोळ्यातील तार मात्र बारीक व प्रखर होती, म्हणून काचेला आतून खरबरीतपणा आणून ती दुधी करण्याची रीत १९२५ साली अमेरिकेत मार्व्हिन पिपकिन याने साधली. एलईडीचा जन्म निराळ्या कामासाठी झाला. निक होलोन्याक याने १९६२ साली तांबडा एलईडी तयार केला, आणि पुढे कित्येक वर्षे त्याचे काम यंत्र चालू आहे की बंद, एवढे दाखविण्याचे होते. खुणेचा दिवा ठिपक्यासारखाच असावयास हवा. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी सिद्ध केल्यावर, ज्याबद्दल त्यांस २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले, खुणेचा दिवा घर उजळावयास निघाला. परंतु ठिपकेपणाची जन्मखोड त्याजबरोबर आलीच.

ही खोड कशी मोडावी, हे माहीम-दादरकडे दिवाळीचे आकाशकंदील करणाऱ्या कारागिरांस पूर्वीपासून ठाऊक आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून चिकटविलेला कागद, आणि मधोमध टांगलेला गोळा. कागद गोळ्यापासून चांगला वीतभर दूर असतो, म्हणून कंदिलाचे पोट सगळीकडून सारखे उजळते. अलीकडे त्याच कंदिलात एलईडीची माळ कामट्यांना गुंडाळून कागदाच्या अगदी पाठीशी लावतात. मग देवीच्या व्रणांसारखे ठिपके बाहेर दिसू लागतात व लोक कागदाला नावे ठेवतात! कागद तोच आहे. मधले अंतर गेले.

कागद प्रकाश पसरवितो तो कसा, हे समजण्यास गरम भज्यांची पुडी पुरे. (वर्तमानपत्राच्या कागदात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत हे खरे, तथापि बांधले जातात.) तेल मुरले, की कागदाचा तेवढा भाग पारदर्शक होतो व पलीकडची अक्षरे वाचता येतात. कोऱ्या कागदात तंतू आणि तंतूंच्या मध्ये हवा असते. प्रकाश हवेतून तंतूत व तंतूतून हवेत शिरताना पावलोपावली वळतो आणि अखेर चहूकडे फाकतो. तेलाचे वक्रीभवन तंतूंच्या वक्रीभवनाशी जवळपास जुळते. ते हवेची जागा घेताच प्रकाशास वळण्याचे कारण उरत नाही. घासून खरबरीत केलेली काच पाण्याने भिजविली असता स्वच्छ दिसू लागते, तेही याचमुळे.

आता हेच ज्ञान कॅबिनेटमध्ये न्यावयाचे. बाजारात मिळणाऱ्या पट्ट्यांपैकी बऱ्याच पट्ट्यांत एका मीटरला ६० दिवे असतात. म्हणजे दोन दिव्यांमध्ये सुमारे १७ मिलिमीटर अंतर पडते. पट्टी आणि पडदा यांमध्ये किमान तितकेच, साधल्यास दीडपट अंतर राखावे. मीटरला ३० दिव्यांची स्वस्त पट्टी घेतली, तर हेच अंतर दुप्पट लागते, आणि भरल्या पेटीत तेवढी जागा क्वचितच सापडते. म्हणून येथे काटकसर अंगाशी येते. दुसरेही एक कारण आहे. रंगीत दिव्याच्या एका ठिपक्यात तांबडा, हिरवा व निळा असे तीन कण शेजारी शेजारी असतात. पडदा फार जवळ असला तर पांढऱ्याच्या जागी तीन रंगांची किनार दिसते. दुरून ते एकजीव होतात.

पडद्यासाठी दोन-तीन मिलिमीटर जाडीचे दुधी अॅक्रिलिक सर्वांत बरे. स्वच्छ अॅक्रिलिक घरात पडून असेल, तर ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून गोल गोल हाताने घासावा. तुकडा भिजलेला असेपर्यंत काम झाले की नाही ते कळत नाही, वाळल्यावर कळते. ट्रेसिंग पेपर प्रयोगापुरता ठीक. कायमचा ठेवू नये, कारण ग्राफिक्स कार्डावर कामाचा भार असता त्याची चिप ८० अंश सेल्सियसच्या आसपासही तापते. तिच्याजवळ कागद वाकतो, सुटतो, आणि सुटलेला कागद पंख्यात जातो. कोणताही पडदा पंख्याच्या तोंडावर किंवा वाऱ्याच्या जाळीवर येता कामा नये. शोभेसाठी यंत्राचा श्वास कोंडणे हा शहाणपणा नव्हे.

जागाच नसेल, तर लालबाग-परळच्या गणपतीच्या मखराकडे पाहावे. जाणता सजावटकार दिवा मूर्तीसमोर उघडा लावीत नाही. तो कमानीच्या मागे लपवून पांढऱ्या पाठीवर पाडतो, व पाठीवरून परतलेला प्रकाश तेवढा दिसू देतो. थर्माकोलच्या मखरांवर राज्यात २०१८ साली बंदी आली, तरी ही रीत पुठ्ठ्यावर आणि कापडावरही तितकीच साधते. पट्टी काचेच्या कडेच्या आतल्या अंगास, दिवे आतील भिंतीकडे वळवून चिकटवावी. भिंत काळी व चकचकीत असेल तर प्रकाश गिळला जाईल आणि उरलेला आरशातल्यासारखा ठिपक्यांनीच परतेल. तेथे फिका, बिनचकाकीचा रंग द्यावा. पडद्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा सरस ठरतो, कारण काचेत दिव्यांचे प्रतिबिंबच पडत नाही.

जोडणीविषयी एकच सूचना, पण ती चुकली तर पैसे गेले. प्रत्येक दिवा स्वतंत्र रंगाचा होणारी पट्टी ५ व्होल्टची व तीन पिनांची असते. सगळी एकाच रंगाची होणारी १२ व्होल्टची व चार पिनांची. पहिली बळेच दुसरीच्या जागी बसविली, तर ती तत्काळ जळते. जोडण्यापूर्वी मदरबोर्डवरील अक्षरे भिंग लावून वाचावी.

सारे झाल्यावर परीक्षा रात्री घ्यावी. खोलीतील दिवे मालवून, आजीच्या अंथरुणावर तिच्याच उशीला डोके टेकून पेटीकडे पाहावे. दिवे एक, दोन, तीन असे मोजता आले, तर पडदा आणखी बोटभर मागे सारावा. मोजता न आले, तर रंगातील निळा उतरवून तांबूस पिवळा वाढवावा, आणि मग आजीला विचारावे.