स्वतःची कुंडी स्वतःच वाढवणारी वेल

झाडाला जगायला माती लागते, हे आपण शाळेत फार लवकर शिकतो. मग ज्या झाडाच्या वाट्याला मातीच आली नाही, त्याने काय करावं? समजा, एखादं बी जमिनीवर पडलंच नाही. उंचावर, दुसऱ्याच झाडाच्या फांदीवर रुजलं. मुळांना धरायला फक्त साल. पाऊस धो धो पडतो, पण सालीवरून बघता बघता ओघळून जातो. तास-दोन तास ऊन पडलं की सगळं पुन्हा कोरडं. आग्नेय आशियातल्या एका वेलीने या अडचणीवर काढलेला तोडगा ऐकला, की आधी खराच वाटत नाही. तिने पानाचीच कुंडी केली!

या वेलीचं नाव डिस्किडिया मेजर. मलाय द्वीपकल्प, बोर्निओ, फिलिपिन्सपासून थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत ती झाडांच्या अंगाखांद्यावर वाढते. ती बांडगूळ नव्हे, हे आधीच सांगायला हवं. बांडगूळ यजमान झाडात मूळ खुपसून त्याचा रस घेतं. डिस्किडिया झाडावर नुसती बसते. कोकणात आंब्या-फणसावर आमरी बसते, तशी. यजमानाकडून तिला आधार आणि उजेड मिळतो, जेवण नाही. ते तिचं तिने बघायचं.

आता तिची पानं पाहा. एकाच वेलीवर दोन तऱ्हेची पानं असतात. एक साधं: लहान, गोलसर, जाड, पाणी धरून ठेवणारं. दुसरं मात्र फुगीर, पोकळ पिशवी. बोटभर लांबीच्या या पिशव्यांचे झुबकेच्या झुबके लोंबत असतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती फळं वाटतात. पण देठाशी बारकाईने पाहिलं, की एक छोटंसं भोक दिसतं.

पानाची पिशवी होते तरी कशी? पान कोवळं असताना त्याच्या कडा वाढायच्या थांबतात आणि मधला भाग वाढतच राहतो. कडा जागच्या जागी, मध्य मात्र फुगत चाललेला. मग पानाला वळण्यावाचून गत्यंतर नाही. कडा आत वळतात, जवळ येतात आणि पोकळी तयार होते. परिणाम असा, की पानाची खालची बाजू पिशवीच्या आत जाते. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती फार मोठी ठरणार आहे.

यानंतर जे घडतं ते तर आणखी विलक्षण. पिशवीच्या देठाजवळ खोडातून एक मूळ फुटतं. ते बाहेर भटकत नाही, सालीकडे जात नाही. त्या भोकातून सरळ आपल्याच पानात शिरतं आणि आत गेल्यावर फांद्या फोडत पसरतं. विचार करा: एका झाडाचं मूळ, त्याच झाडाच्या पानात!

पण मुळाने आत शिरून करायचं काय? रिकाम्या पिशवीत आहे काय? या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातले वनस्पतिशास्त्रज्ञ चक्रावून गेले. पानाचं भांडं म्हटलं की आपल्यालाही आठवते ती घटपर्णी, कीटकांना बुडवून पचवणारी. ही वेलही कीटकभक्षी असेल का? जावामधल्या प्रसिद्ध बागेचे, म्हणजे आजच्या बोगोर वनस्पती उद्यानाचे, संचालक मेलशियोर ट्र्यूब यांनी 1883 मध्ये या पिशव्यांवर एक निबंध लिहिला. पिशव्या कीटकांसाठी की पाण्यासाठी, असा वाद रंगला. पण पिशव्या उघडून पाहिल्या की त्यांत पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सापडायची. मुंग्या. आणि त्या मेलेल्या, पचलेल्या नव्हत्या. अंडी-पिल्लांसह सुखाने नांदत होत्या!

मुंग्यांना यात काय मिळतं हे उघड आहे: पाऊस न शिरणारं तयार घर. आता मुंग्यांच्या घरात काय काय होतं ते आठवा. त्या बाहेरून किडे-कीटकांचे तुकडे आणतात. खाऊन उरलेलं कोपऱ्यात टाकतात. विष्ठा साठते, मेलेल्या मुंग्या साठतात, मातीचे कण येतात. हा सगळा ऐवज कुजतो आणि त्याचं खत होतं. त्या खतात आधीच कोण पसरून बसलंय? वेलीचं मूळ. कुंडी वेलीची, माती मुंग्यांनी वाहून आणलेली, आणि भाडंही त्याच खतात चुकतं झालेलं.

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यात बाको नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथल्या जंगलाचा बराचसा भाग पांढऱ्या, निःसत्त्व वाळूवर उभा आहे. जमिनीतच अन्नाचा दुष्काळ, तर फांदीवर काय असणार! तरीही तिथे मुंग्यांना घर देणाऱ्या वेली आणि झुडपं दाटीने दिसतात. शास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी 1974 मध्ये या जंगलाबद्दल लिहिताना मांडलं, की इथे मुंग्या झाडांना अक्षरशः जेवू घालतात. तर्क सुंदर होता. पण सिद्ध कसा करायचा? पानातला नायट्रोजन मुंगीने आणलेला की पावसाने, हे कुणाला विचारायचं?

उत्तर अणूंनी दिलं. निसर्गात कार्बन थोडा हलका आणि थोडा जड अशा दोन स्थिर रूपांत असतो, नायट्रोजनही तसाच. हवेतल्या कार्बनमध्ये हलक्या-जडाचं जे प्रमाण असतं, ते मुंग्यांच्या उच्छ्वासातल्या कार्बनमध्ये नसतं. तिथे हलका कार्बन अधिक असतो. म्हणजे पानातलं प्रमाण मोजलं, की कुठला माल कुठून आला याचा हिशेब मांडता येतो. कॅथलीन ट्रेसेडर, डायेन डेव्हिडसन आणि जेम्स एलरिंगर या संशोधकांनी डिस्किडिया मेजरचा हा हिशेब मांडला आणि 1995 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मुंग्या राहत असलेल्या पानांमधला 29 टक्के नायट्रोजन मुंग्यांनी टाकलेल्या कचऱ्यातून आलेला होता. हे तर अपेक्षितच. पण पुढचा आकडा? पानातला 39 टक्के कार्बन मुंग्यांच्या श्वासोच्छ्वासाशी जोडलेला निघाला!

जरा थांबून हे पुन्हा वाचा. पान ज्या कार्बनपासून बनलं, त्याचा मोठा हिस्सा मुंग्यांनी सोडलेल्या श्वासातला होता.

आता ती मघाची बारीकशी गोष्ट आठवा. पान आत वळल्यामुळे त्याची खालची बाजू पिशवीच्या आत गेली. आणि पर्णरंध्रे, म्हणजे पान ज्यांतून कार्बन डायऑक्साइड आत घेतं ती सूक्ष्म तोंडं, मुख्यतः त्याच बाजूला असतात. म्हणजे ही तोंडं नेमकी मुंग्यांच्या खोलीत उघडतात. तिथे कार्बन डायऑक्साइड भरपूर, आणि हवा दमट. उघड्या हवेत रंध्रे उघडली की पानातलं पाणी उडून जातं. उंच फांदीवर राहणाऱ्या वेलीला ही उधळपट्टी परवडत नाही. बंद पिशवीत मात्र पाणी कमी खर्चून कार्बन घेता येतो. खत, कार्बन आणि पाण्याची बचत, तिन्ही गोष्टी एकाच वळलेल्या पानात!

एवढी गुंतागुंतीची रचना एका फटक्यात कशी बनली असेल? बनली नसणारच. या वेलीची भावंडं शेजारी शेजारी मांडली, की वाटेचा अंदाज येतो. डिस्किडिया नुम्युलॅरियाची पानं साधी, नाण्याएवढी, मसुराच्या दाण्यासारखी दोन्हीकडून फुगीर. डिस्किडिया इम्ब्रिकाटाची पानं शिंपल्यासारखी खोलगट, यजमान झाडाच्या खोडाला पालथी चिकटलेली. त्या पानांच्या आडोशाला मुळं लपतात आणि मुंग्याही. मेजरमध्ये आडोसा मिटून पिशवी झाली. आणि डिस्किडिया कॉम्प्लेक्सने तर पिशवीत आणखी एक पिशवी केली. या एकमेकींच्या आई-मुली नव्हेत, सगळ्या आजच जगणाऱ्या जाती आहेत. पण प्रत्येक मुक्काम आपल्या जागी उपयोगाचा आहे, हे त्या दाखवतात. थोडा आडोसाही काहीच नसण्यापेक्षा बरा.

या वेलीचं आपल्याशी नातं आहे का? आहे, आणि चांगलं जवळचं. मारुतीला वाहतो ती रुई डिस्किडियाच्याच कुळातली. फांदी तोडा, तसाच पांढरा चीक येतो. रुईप्रमाणेच हिचेही परागकण सुटे नसतात, गोळ्यांनी बांधलेले असतात. शेंग तडकली की रुईच्या बीसारखी रेशमी शेंडी लावलेली बी उडते. लहानपणी आपण जिच्यामागे धावतो, त्या ‘म्हातारी’ची ही चुलत बहीण. पण हिच्या बीला मुंग्यांना आवडणारा एक स्निग्ध भागही असतो. म्हणजे वाऱ्याने अर्धी वाट नेली, की उरलेली वाट मुंग्या नेतात, आणि तीही आपल्या घराच्या दारात, जिथे खत आधीच तयार आहे.

आता ही वेल घरी वाढवायची तर? रोपवाटिकांमध्ये बहुतेक वेळा फिलिपिन्सची डिस्किडिया पेक्टिनॉइडिस मिळते. तिच्या पिशव्या ठेंगण्या, गुबगुबीत, आणि फुलं लालसर, अगदी चिमुकली. काळजीचे नियम पाठ करायची गरज नाही. वेल मूळची कुठे राहते हे डोळ्यांसमोर आणलं, की नियम आपोआप सुचतात.

ती फांदीवर राहते, म्हणून तिला बागेतली काळी माती देऊ नका. मुळं गुदमरून कुजतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळशाचे खडे, झाडाच्या सालीचे तुकडे असं भरड मिश्रण टांगत्या कुंडीत भरा. नाहीतर लाकडाच्या जुन्या ओंडक्यावर थोडा काथ्या ठेवून तिला सुतळीने बांधा. तिला पाऊस जोरात मिळतो आणि लगेच ओसरतो. म्हणून पाणी भरपूर द्या, सगळं निथळू द्या, आणि सोडण कोरडं होत आलं की पुन्हा द्या. साधी पानं सुरकुतली, तर तहान लागली असं समजा.

ती पर्णछायेत वाढते; तिला पूर्वेच्या खिडकीतलं सकाळचं कोवळं ऊन मानवतं, दुपारचं भाजतं. मुंबई-कोकण-गोव्याची दमट हवा तिला माहेरासारखी. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला इतर कुंड्यांच्या दाटीत ठेवा आणि पाण्याचा हलका फवारा मारा. नाशिकच्या थंडीत ती वाढ थांबवेल. तेव्हा पाणी कमी करा आणि वाट पाहा.

पिशव्यांमध्ये पाणी ओतायचं का? नको. पर्णरंध्रे त्याच भिंतींवर आहेत. तिथे पाणी तुंबलं तर वेलीचा श्वासच कोंडेल. मग मुंग्या आणून सोडायच्या का? त्याचीही गरज नाही. वेल मुंग्यांशिवाय उत्तम जगते, फक्त त्यांचं काम आपल्याला करावं लागतं. वाढीच्या दिवसांत अगदी सौम्य केलेलं द्रवखत अधूनमधून दिलं की झालं. उलट आपल्या घरातल्या मुंग्या वेलीवर रांग लावून चढताना दिसल्या, तर पेरांजवळ निरखून पाहा. बहुधा तिथे पिठ्या ढेकूण बसलेला असतो आणि मुंग्या त्याच्या गोड पाझरासाठी येतात. ओल्या कापडाने तो पुसून काढा, कडुनिंबाच्या तेलाचा फवारा मारा.

वेल वाढवायची असेल, तर दोन-तीन पेरांचा तुकडा कापा. मुळं पेरातूनच फुटतात. चीक डोळ्याला लागू देऊ नका, हात लगेच धुवा. चीक सुकला की तुकडा ओलसर सोडणावर ठेवा.

आणि नव्या रोपाला पिशव्या लगेच आल्या नाहीत म्हणून हिरमुसू नका. आधी ती साधी पानं काढत जम बसवते. पुढे एखादी पिशवी म्हातारी होऊन पिवळी पडली, की ती फेकू नका. धारदार पात्याने उभी चिरा आणि भिंग घेऊन आत बघा. मुळाचं जाळं सापडलं, तर मुलांना हाक मारा आणि विचारा: हे मूळ पानाच्या आत काय करतंय? ‘मूळ खाली, पान वर’ असं शिकलेली मुलं त्यावर जे प्रश्नांचं मोहोळ उठवतील, त्यांची उत्तरं आता तुमच्याकडे आहेत.