हललेला फोटो

मराठीत फोटो अस्पष्ट आला की तो 'हलला' म्हणतात. हललेला असतो खरे तर हात किंवा समोरचा माणूस, पण ठपका फोटोवर. या हललेल्या फोटोची बाजू घ्यावी असे मला वाटू लागले ते ११ फेब्रुवारी २०२३ नंतर. त्या दिवशी आमच्या हैदराबादेत हुसेनसागरच्या काठी फॉर्म्युला ई ही विजेवरच्या मोटारींची शर्यत झाली. मी लहानसा कॅमेरा घेऊन गेलो, शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर ठेवले आणि शंभरेक फोटो काढले. एकही हलला नव्हता. घरी धाकट्या बहिणीने ते पाहून विचारले, "दादा, गाड्या बंद पडल्या होत्या का?"

तिचे बरोबर होते. ताशी १८० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला ५० मीटर जाते. सेकंदाच्या हजाराव्या भागात अवघे ५ सेंटीमीटर. चाकेही जवळजवळ थिजलेली दिसतात. शटर १/१२५ वर आणले तर ती ४० सेंटीमीटर सरकते, आणि कॅमेरा स्थिर असेल तर नुसता रंगाचा फराटा उमटतो. पण तेवढ्या वेळात कॅमेराही तिच्याबरोबर वळला, तर मोटार चौकटीत जागच्या जागी राहते आणि मागचे कठडे, झाडे, प्रेक्षक पुसट होत वाहू लागतात. हे पॅनिंग. शब्द 'पॅनोरमा'वरून आला. 'पाठलाग' म्हणावे तर आपण जागचे हलत नाही. 'मागोवा' मागे उरलेल्या खुणांचा असतो. तूर्त मी पॅनिंगच म्हणतो.

फोटो जिथे टिपायचा, त्या दिशेला पावले रोखून उभे राहावे आणि मोटार येते त्या बाजूला कमरेतून वळावे. मी आधी उलट करत असे. मग ऐन वेळी अंग पिळवटे आणि हाताला झटका बसे. कोपरे बरगड्यांना टेकलेली हवीत. बटण दाबल्यावरही वळणे थांबवायचे नाही. गोफणीतून दगड सुटला तरी हात फिरतच राहतो, तसे.

खरी अडचण वेगळीच आहे. मोटार दूर असताना फारसे वळावे लागत नाही. जवळ येताच वळण्याचा वेग एकदम वाढतो आणि अगदी समोर तो सर्वाधिक होतो. मार्गापासून २० मीटरवर उभे असाल तर त्या क्षणी सेकंदाला सुमारे १४० अंशांच्या वेगाने वळावे लागते. १०० मीटरवरून जेमतेम २९. म्हणून नवशिक्याने कठड्याला खेटू नये. आणि बटण दाबावे ते मोटार आडवी, बरोबर समोर असताना. तिरपी असेल तर तिचे नाक आणि शेपूट आपल्या दृष्टीने वेगवेगळ्या गतीने सरकतात. एक स्पष्ट येते, दुसरे हलते.

वळण्याचा वेग कमी पडला तर काय होते, याचा प्रसिद्ध नमुना म्हणजे झाक-आंरी लार्तिग या फ्रेंच छायाचित्रकाराने शंभरेक वर्षांपूर्वी काढलेला शर्यतीचा फोटो. त्यात मोटारीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि कडेची माणसे उलट दिशेला कलली आहेत. त्याच्या कॅमेऱ्यात शटरची फट वरखाली सरकत होती. त्यामुळे चित्राचा प्रत्येक पट्टा किंचित वेगळ्या क्षणी उमटला. तो पुरेसा वळला असता तर चाक गोल आले असते. मला तिरपेच आवडते.

शर्यती काही रोज होत नाहीत. मी गल्लीच्या तोंडाशी, १/३० वर, दुचाक्यांवर सराव केला. पहिल्या रविवारी साठ फोटोंत एक साधला: दूधवाल्याची मोटारसायकल. कॅनवरचे अक्षर वाचता येते, मागची भिंत मात्र पार वाहून गेली आहे. "हललाय," बहीण म्हणाली. मग तिने तो डोळ्यांजवळ धरला.