मुक्या माराची भरपाई



आपल्या भाषेत 'मुका मार' असा एक मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. रक्त आले नाही, कातडी फाटली नाही, हाड मोडले नाही, पण मार मात्र बसला, अशा माराला आपण मुका म्हणतो. तो काही बोलत नाही, म्हणून आपणही त्याची फारशी विचारपूस करीत नाही. आंबेहळदीचा लेप लावला, शेक दिला, की झाले. पुष्कळदा तेवढ्याने भागतेही. जेव्हा भागत नाही, तेव्हा काय होते आणि काय करावे, हा आजचा विषय आहे.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. पवनार हे नागपूर-वर्धा मार्गावरचे गाव. सकाळी एक गृहस्थ मोटारसायकलला दुधाचे कॅन अडकवून वर्ध्याकडे निघाले आहेत. मागून मोटारीचा धक्का बसतो, ते पडतात आणि हॅन्डलचे टोक पोटाच्या डाव्या अंगाला रुतते. लोक जमतात. गृहस्थ उठतात, कपडे झटकतात, पाणी पितात. मोटारवाला दोन हजार रुपये हातावर ठेवतो आणि प्रकरण मिटते. रात्री त्यांचा डावा खांदा दुखू लागतो. घरची मंडळी खांद्याला तेल चोळतात. पहाटे दरदरून घाम फुटतो, उठताना घेरी येते. खांद्याला काहीच झालेले नसते. फाटलेली असते ती प्लीहा, जिला आपल्याकडे पाणथरी म्हणतात.

पोटातले दुखणे खांद्यात कसे गेले? पाणथरी डाव्या बरगड्यांखाली असते. मऊ आणि रक्ताने भरलेली. ती फाटली की रक्त पोटाच्या पोकळीत उतरते आणि श्वासपटलाला लागते. श्वासपटलाची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच भागातून मेंदूकडे जाते, म्हणून मेंदूची दिशाभूल होते. उजवीकडे हीच गत यकृताची. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त सुमारे ५ लिटर. त्यातले लिटरभर पोटात साचले तरी बाहेरून पोट फुगलेले दिसेलच असे नाही. रक्तदाबही लगेच उतरत नाही. आधी नाडी जलद होते. तेव्हा 'बी. पी. ठीक आहे' एवढ्यावर निर्धास्त होणे बरे नव्हे.

आतडे फाटले तर त्याची लक्षणे पुष्कळदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतात: पोट लाकडासारखे ताठ होते, ताप येतो, उलट्या होतात. मूत्रपिंडाला मार बसला तर लघवी लाल होऊ शकते. सायकलचे हॅन्डल पोटात घुसलेल्या मुलांमध्ये स्वादुपिंडाची इजा कधी कधी काही दिवसांनीच कळते. पहिल्या सोनोग्राफीत काही दिसले नाही, तरी डॉक्टर रुग्णाला ठेवून घेतात, पुन्हा तपासतात, सी. टी. स्कॅन करतात, ते यासाठीच. त्यांच्यामागे 'घरी सोडा' म्हणून लकडा लावू नये. अशा वेळी पोट चोळू नये, आणि वेदनाशामक गोळ्या घेऊन घरी पडून राहू नये. पवनारजवळ सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचे आचार्य विनोबा भावे रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. प्रत्येक फाटलेल्या पाणथरीवर शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. नाडी आणि रक्तदाब स्थिर असतील तर पुष्कळ रुग्ण देखरेखीखाली विश्रांतीने बरे होतात. पण ही देखरेख रुग्णालयातली हवी.

आता न्यायाकडे वळू. या पाणथरीचे आणि न्यायालयाचे नाते जुने आहे. १८७६ साली आग्र्याचे एक प्रकरण देशभर गाजले. फुलर नावाच्या इंग्रज वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले आणि तो पाणथरी फाटून मेला. मॅजिस्ट्रेटने दंड केला ३० रुपये! व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीही त्या निकालावर नापसंती नोंदवली. हिवतापाने पाणथरी वाढून नाजूक होते हे वैद्यकीय सत्य आहे. परंतु त्या काळी अशा खटल्यांत 'त्याची पाणथरीच दुबळी होती' ही मारणाऱ्याची ढाल झाली. आतली इजा दिसत नाही, म्हणून तिची किंमत कमी लावली जाते. हा धोका आजही संपलेला नाही. फक्त त्याचे रूप बदलले आहे.

आजचा कायदा जखमीच्या बाजूने बरेच काही देतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. अपघात कोठेही होवो, आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही तो चालतो. २०२२ पासून अर्जाला सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण शहाण्याने मुदतीतच अर्ज करावा. कलम १६४ खाली चालकाची चूक सिद्ध न करताही जबर दुखापतीस २,५०,००० रुपये मिळू शकतात. वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर वेगळ्या योजनेतून जबर दुखापतीस ५०,००० रुपये आहेत. शिवाय २०२५ च्या योजनेप्रमाणे नेमलेल्या रुग्णालयात पहिले सात दिवस १,५०,००० रुपयांपर्यंतचा उपचार रोख पैसे न भरता होतो.

'जबर दुखापत' म्हणजे काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये तिचे आठ प्रकार दिले आहेत. मोडलेले हाड त्यात नावाने आहे. फाटलेली पाणथरी नाही. ती शेवटच्या प्रकारात बसते: जिवाला धोका करणारी, किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना देणारी अथवा नित्याचे काम करू न देणारी दुखापत. म्हणून डॉक्टरांच्या दाखल्यात 'जिवास धोका होता' हे शब्द, आणि काम किती दिवस बंद होते ते, स्पष्ट लिहिलेले हवे.

रक्कम कशी ठरते? सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निवाड्यात सांगितले की, शरीराचे अपंगत्व आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कारकून टेबलापाशी पूर्ववत बसेल, पण हमालाला पोते उचलवणार नाही. समजा, ३८ वर्षांचा हमाल महिना १०,००० रुपये मिळवतो. वर्षाचे १,२०,०००, भावी वाढीचे ४० टक्के धरून १,६८,०००. कमाईची हानी २० टक्के ठरली तर वर्षाला ३३,६००. त्या वयाचा गुणक १५; म्हणजे ५,०४,००० रुपये. उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई निराळी. पाणथरी काढली असेल तर काही जंतुसंसर्गांचा धोका जन्मभर राहतो आणि लसी घ्याव्या लागतात. तो पुढचा खर्चही मागावा. रस्त्यावरच्या दोन हजारांशी हे ताडून पाहा.

पण हा हिशेब कागदाशिवाय उभा राहत नाही. रुग्णालयात शिरताच 'अपघात झाला' असे सांगून पोलीस-प्रकरण म्हणून नोंद करवून घ्या. नुसते 'पोटदुखी' असे नोंदले गेले तर पुढे विमा कंपनीचा वकील त्यावर बोट ठेवणारच. वाहनाचा क्रमांक, फिर्याद, पंचनामा, तपासण्यांचे अहवाल, सुटीचे कार्ड, औषधांच्या पावत्या जपा. 'माझी तक्रार नाही' असे घाईने लिहून देऊ नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि अल्प उत्पन्न असणाऱ्यांना तेथे मोफत वकील मिळतो.

मंडळी, मुका मार आपण होऊन बोलत नाही. त्याला पहिल्यांदा डॉक्टर बोलता करतो, आणि डॉक्टरांनी वेळीच लिहिलेला कागदच पुढे न्यायाधीशापुढे बोलतो. दोन्हींची सुरुवात एकाच जागी आहे: अपघाताच्या दिवशीच रुग्णालयाच्या दारात. तेवढी पायरी चढायला विसरू नये, एवढीच आपणांस विनंती आहे.